विश्रांतीनं न जाणारा थकवा आणि हृदयाची तपासणी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातला) चाळिशीचा कामगार दवाखान्यात येऊन म्हणतो, 'अंगात दम नाही.' त्यापलीकडं तो फारसं सांगत नाही आणि बाहेर रांग असल्यानं कुणी विचारतही नाही. सलाईन लागतं, त्यात बी-कॉम्प्लेक्स जातं, तासाभरानं बरं वाटतं आणि माणूस दुसऱ्या पाळीला हजर होतो. वडगाव-शहापूरच्या मागावर विणणाऱ्यांचं असंच, गळीत हंगामात चिकोडी-संकेश्वर भागातल्या कारखान्यांवरच्या लोकांचं असंच, पुणे-बेंगळुरू हायवेवरच्या ड्रायव्हरांचंही असंच. आम्ही कामगारांच्या तपासण्या करतो. या तक्रारीपासून हृदयाच्या तपासणीपर्यंत जाणारी वाट ठरलेली आहे. ती मध्येच कुठं आणि का सुटते, ते इथं लिहितो आहोत.

आधी त्या बाटलीविषयी. अर्ध्या लिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते, म्हणजे जवळजवळ दिवसाचा वाटा एका बाटलीतच गेला. वर घरचा खर्डा, लोणचं, पापड आहेच. ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली असेल तर अर्ध्या लिटरमागं २५ ग्रॅम साखर जाते, आणि तीही बहुधा शुगर न बघता. भट्टीपुढं घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालेल्याला सलाईननं खरोखर तरतरी येते, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसला आहे. पण हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेली असेल तर तेच पाणी फुप्फुसात साचतं आणि रात्री आडवं पडल्यावर धाप लागते. बाटली घेतल्यावर उशी उंच करून झोपावं लागलं, तर ती गोष्ट डॉक्टरला मुद्दाम सांगावी. निदानाच्या दृष्टीनं ती फार मोलाची असते.

थकवा आणि हार्ट अटॅक यांचा संबंध अंदाजानं जोडलेला नाही. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ ॲड ॲपल्स यांनी रॉटरडॅम महापालिकेच्या नोकरीतल्या ३९ ते ६५ वयाच्या ३,८७७ पुरुषांना थकव्याविषयी प्रश्न विचारले आणि पुढं चार वर्षांवर त्यांच्याकडं लक्ष ठेवलं. हा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, बीपी, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हिशेब धरूनही, फार दमलेल्या पुरुषांत हार्ट अटॅकचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून थोडं जास्त निघालं. त्यांनी टिपलेल्या थकव्यात तीन गोष्टी एकत्र होत्या: उठल्याउठल्या दमलेलं असणं, बारीकसारीक गोष्टींवरून चिडणं, आणि आपल्या हातून आता काही होत नाही असं वाटणं. आमच्या अनुभवात पुरुष पहिलं कबूल करतो, दुसरं त्याची बायको सांगते आणि तिसरं कुणीच बोलत नाही. म्हणून ते विचारावं लागतं.

हा संबंध दोन बाजूंनी असतो आणि दोन्ही ध्यानात ठेवाव्या लागतात. एक बाजू अशी की महिनोन्‌महिने अपुरी झोप, रात्रपाळी आणि कर्जाची धास्ती यांनी शरीर सतत ताणाखाली राहतं. झोपेत बीपी दिवसाच्या मानानं १० ते २० टक्के उतरायला हवं, ते नीट उतरत नाही. रक्तवाहिन्यांत बारीक सूज राहते, रक्त गोठण्याकडं कल वाढतो, आणि जागं राहायला चहा, तंबाखू, सिगारेट वाढते. दुसरी बाजू अशी की हृदयाची रक्तवाहिनी आधीच अरुंद झालेली असते आणि छातीत दुखण्याऐवजी थकवा हेच तिचं पहिलं लक्षण असतं. मधुमेहींमध्ये हे विशेष दिसतं, कारण वेदना कळवणाऱ्या नसाच बोथट झालेल्या असतात. पहिल्या बाजूच्या माणसाला झोप आणि रजा हवी. दुसऱ्या बाजूच्या माणसाला नुसती रजा दिली तर आजार तसाच वाढत राहतो. कोण कुठल्या बाजूचा हे चेहरा बघून सांगता येत नाही, ते तपासणीतूनच कळतं.

तपासणीला जाण्याआधी घरी आठवडाभर दोन कामं करावीत. पहिलं, कामाचे तास लिहून काढायचे. आठ तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ४८ तास. दोन दिवस चार-चार तासांचा ओटी (ओव्हरटाइम) धरला की ५६ झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानानं ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानं मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के आणि पक्षाघाताचा ३५ टक्के जास्त असतो. ओटी घेणारा आपण या रेषेपलीकडं आहोत हे क्वचितच मोजतो. घरी आल्यावर शेतात पाणी पाजायला जाणं हेही कामच आहे, तेही लिहावं.

दुसरं काम म्हणजे तक्रारीला माप लावणं. 'थकवा येतो' एवढ्यावर डॉक्टरला पुढं जाता येत नाही. 'गेल्या दिवाळीत सिमेंटचं पोतं घेऊन जिना चढत होतो, आता रिकाम्या हातानं पहिल्या मजल्यावर थांबतो', असं सांगितलं की तो लगेच सावध होतो. कष्ट केल्यावर थकवा येतो का, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत उतरतो का, जेवून चालल्यावर जास्त होतो का, सोबत जबडा, खांदा, पाठ किंवा छातीच्या खड्ड्यात जड वाटतं का, हे लिहून न्यावं. आपल्याकडं या सगळ्याला 'गॅस' म्हणायची सवय आहे. चालताना येणारा आणि उभं राहिलं की जाणारा गॅस हा पोटाचा नसतो, असंच धरून चालावं.

बीपीचं माप सगळ्यात सोपं, आणि तेच सगळ्यात जास्त चुकतं. धावत जिना चढून, तोंडात तंबाखूचा बार धरून, बाकड्यावर अधांतरी बसून घेतलेलं बीपी खरं नव्हे. अर्धा तास आधीपासून चहा आणि तंबाखू बंद, लघवी करून यायचं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर सपाट, दंड हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. फाउंड्रीतल्या लोकांचे दंड जाड असतात. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा कफ लागतो; नेहमीच्या कफनं आकडा खोटा वाढलेला येतो आणि नको ती गोळी सुरू होते. घरी मशीन असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजावं, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरच्या मापात १३५/८५, दवाखान्यात १४०/९० याच्या वर असेल तर ते जास्त. रात्रपाळीवाल्यानं 'सकाळ' म्हणजे आपल्या झोपेनंतरची वेळ धरावी.

रक्ताच्या तपासण्यांत पॅकेजच्या मागं लागू नये. थकव्यासाठी हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलसाठी) एवढ्यावर सुरुवात होते. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी, आणि मग ते का कमी झालं हे शोधायला हवं. मूळव्याध आणि दुखण्याच्या गोळ्यांनी झालेली पोटातली जखम ही नेहमीची कारणं आहेत. एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. थकव्याचं एक कारण सापडलं की लोक तिथंच थांबतात. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली, विषय मिटला असं होतं. पण बी-१२ कमी असलेल्या माणसाची रक्तवाहिनीही अरुंद असू शकते, आणि रक्त कमी असेल तर अरुंद वाहिनीचा त्रास उलट लवकर जाणवायला लागतो. एक आकडा बिघडलेला सापडला म्हणून ईसीजी (हृदयाचा विद्युत आलेख) टाळू नये.

औषधांची पिशवी सोबत न्यावी. अंगदुखीसाठी रोज डायक्लोफेनॅक घेणारे बरेच असतात. ती गोळी बीपी वाढवते, किडनीवर ताण आणते आणि हार्ट अटॅकचा धोकाही वाढवते. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीपी-हृदयाच्या गोळ्यांनी सुस्ती येऊ शकते, पण त्या आपल्या मनानं एकदम बंद केल्या तर छातीचं दुखणं उसळून येऊ शकतं. बदल डॉक्टरच्याच हातून व्हायला हवा.

फाउंड्रीवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण तपासणीच्या खोलीत ती कुणाला सुचत नाही. भट्टीजवळ कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. पाळी संपताना डोकं दुखणं, मळमळ, पायातलं बळ गेल्यासारखं वाटणं आणि सुटीच्या दिवशी हे सगळं गायब, असा क्रम असेल तर शंका घ्यावी. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथं फसवतं. त्याला ऑक्सिजन चिकटलेलं आणि मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन सारखंच दिसतं, म्हणून आकडा ९८ येतो. खरं कळायला रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनची वेगळी तपासणी लागते, तीही पाळी सुटल्यावर शक्य तितक्या लवकर. ज्याच्या हृदयाच्या वाहिन्या आधीच अरुंद आहेत त्याला हा वायू थोड्या प्रमाणातही त्रास देतो. मोल्डिंग-फेटलिंगवाल्यांना (वाळूचे साचे करणाऱ्यांना आणि ओतीव माल घासून साफ करणाऱ्यांना) धाप लागत असेल तर वाळूच्या धुळीमुळं फुप्फुसावर काय झालं आहे ते बघायला छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची चाचणी हीसुद्धा करावी.

आता ईसीजी. छातीवर सहा आणि हातापायांना चार अशा दहा तारा लागतात. कामावरून थेट आलेल्या माणसाच्या अंगावर घाम, तेल आणि काळी धूळ असते. त्यावर तार लावली की रेषा थरथरते. ओल्या कापडानं पुसून, गरज असेल तिथले केस काढून मग जेल लावावं. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या दोन तारा चौथ्या फासळीखालच्या खाचेत हव्यात. घाईत त्या वर, दुसऱ्या-तिसऱ्या खाचेत लागतात, आणि मग कागदावर जुना अटॅक येऊन गेल्यासारखं चित्र उमटतं. हाताच्या तारांची अदलाबदल झाली तरी असाच घोटाळा होतो. कागदावर २५ मिमी सेकंदाला आणि १० मिमी मिलिव्होल्टला हे माप छापलेलं आहे का ते बघावं. ही पट्टी जपून ठेवावी, कारण पुढं कधी अटॅकची शंका आली तर जुन्या पट्टीशी ताडून बघणं डॉक्टरला फार उपयोगी पडतं. ऊन आणि ऊब लागली की थर्मल कागदावरची रेषा पुसट होते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवावा.

वाट सुटण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. पट्टीवर 'नॉर्मल' लिहून येतं आणि माणूस निश्चिंत होऊन कामावर जातो. पण आडवं पडून, शांतपणे काढलेली पट्टी त्या दहा सेकंदांचं आणि विश्रांतीतल्या हृदयाचं सांगते. वाहिनी बरीच अरुंद असूनही ती स्वच्छ येऊ शकते, कारण विश्रांतीत हृदयाला तेवढं रक्त पुरतं. ज्याची तक्रार कष्ट केल्यावरची आहे त्याच्या हृदयाला कष्ट देऊनच बघितलं पाहिजे. नॉर्मल पट्टी हातात घेऊन 'मग चालताना का होतंय?' हा एक प्रश्न डॉक्टरला विचाराच.

त्यासाठी टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालण्याची चाचणी असते. आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केलेला बरा. झडपेचा मोठा दोष किंवा पंपिंग फार कमी असेल तर पट्ट्यावर चढवत नाहीत. विश्रांतीतही छाती दुखत असेल तर टीएमटी करायचीच नाही, तो थेट इमर्जन्सीचा विषय. चाचणीआधी दोन-तीन तास जेवण नाही, चहा-तंबाखू नाही, बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारून घ्यायचं. चपला घालून येणारे पुष्कळ. चालायचे बूट आणि सैल पँट हवी. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो: पहिल्या टप्प्यात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसऱ्यात ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसऱ्यात ५.५ आणि १४ टक्के. २२० वजा वय या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत नाडी न्यायची असते. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला ती सुमारे १४९ येते.

इथं दोन गोष्टी हटकून बिघडतात. भीतीनं माणूस दांडा घट्ट आवळून धरतो. मग वजन हातांवर जातं आणि हृदयाला पुरते कष्ट होतच नाहीत. बोटं नुसती टेकवायची. दुसरी, मर्दानकीनं छातीतलं जडपण लपवणं. चाचणी पुरी करणं हे काही बक्षीस नाही. जडपण कितव्या मिनिटाला आलं, हीच तर माहिती हवी असते. पट्टा थांबल्यावर लगेच उठून जाऊ नये. रेषेतले बदल कधी कधी विश्रांतीच्या पाच-सहा मिनिटांतच दिसतात. आणि टीएमटी निगेटिव्ह आली म्हणजे लेखी हमी मिळाली असंही नव्हे; खरा आजार असलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश जणांचा आजार ती पकडू शकत नाही. तक्रार पक्की असेल तर स्ट्रेस इको (हृदयाला कष्ट देऊन केलेला इको), सीटी अँजिओ (वाहिन्यांचा सीटी स्कॅन) किंवा अँजिओग्राफी (नळी घालून वाहिन्यांचं चित्र) यांविषयी कार्डिओलॉजिस्ट सांगतील. दक्षिण आशियात पहिल्या अटॅकचं मधलं वय ५३ आहे, इतरत्र ते ५९ च्या आसपास. 'अजून पन्नाशी आली नाही' या आधारावर पुढची तपासणी टाळू नये.

सगळं खरोखरच ठीक निघालं आणि थकवा तसाच राहिला तर झोपेकडं वळावं. मोठं घोरणं, मध्येच श्वास अडकणं, दुपारी बसल्याबसल्या डुलकी लागणं ही झोपेत श्वास अडखळण्याची चिन्हं. याचं माप स्वतःला कळत नाही, घरच्यांनी रात्री मोबाइलवर पाच मिनिटांचं चित्रण करून ठेवावं. बीपीच्या तीन-तीन गोळ्या खाऊनही ते खाली येत नाही त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. उदासीनतेचं (डिप्रेशनचं) निदान झालं तर त्यावरही उपचार घ्यावेत. हृदयाच्या दृष्टीनंही त्याला महत्त्व आहे. मात्र थकवा उतरवला की हृदय आपोआप सुरक्षित झालं असं समजू नये. अँजिओप्लास्टी (अरुंद वाहिनी फुग्यानं उघडणं) झालेल्या दमलेल्या रुग्णांना ॲपल्स यांच्या गटानं गटचर्चेतून मदत दिली तेव्हा थकवा कमी झाला, पण दोन वर्षांत हृदयाचे नवे झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचं काम वेगळं करावंच लागतं.

खर्चाच्या बाजूनं: पगार ईएसआयच्या (कामगारांच्या राज्य विम्याच्या) मर्यादेत असेल तर सुरुवात ईएसआय दवाखान्यातून करावी. रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही सरकारी योजना आहे. तातडीचं नसलेलं मोठं काम खासगी रुग्णालयात करायचं तर आधी सरकारी रुग्णालयाचं शिफारसपत्र लागतं, तातडीत ते लागत नाही. सहकारी सोसायटीच्या सभासदांनी यशस्विनी या आरोग्य योजनेची चौकशी करावी. निपाणीकडचे लोक कोल्हापूर गाठतात, चंदगडचे बेळगावला येतात. ॲडमिट होण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) कार्ड दाखवून सीमेपलीकडं ते चालतं का हे विचारून घ्यावं. पैसे भरल्यावर विचारून उपयोग होत नाही. फॉर्म कन्नड-इंग्रजीत असतो, न समजता सही करू नये. वाचून दाखवणारी सिस्टर बहुतेक ठिकाणी भेटते.

छातीत दाब किंवा दरदरून घाम आणि गळून जाणं पंधरा-वीस मिनिटांवर राहिलं तर ही सगळी वाट सोडून १०८ ला फोन. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायची. मोटारसायकलवर मागं बसवून नेऊ नये. २०२३ मध्ये कर्नाटकात पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजना सुरू झाली. तिच्यातल्या तालुका आणि जिल्हा रुग्णालयांत ईसीजी काढून तो तज्ज्ञांकडं पाठवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन मोफत देतात. ते पहिल्या तीन तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं. आपल्या तालुक्यात ते कुठं मिळतं हे आजच विचारून ठेवावं, खानापूरच्या जंगलाकडच्या गावांनी तर नक्कीच.

स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी) पडलेला माणूस कामावर परततो तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत 'हलकं काम द्यावं' एवढंच लिहिलेलं असतं. सुपरवायझरला त्यातून काहीच कळत नाही. दोन दिवस तो झाडू देतो, तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा भट्टीपुढं. चिठ्ठी मागताना डॉक्टरला कामाचं खरं वर्णन द्यावं: किती किलोची पेटी उचलावी लागते, किती वेळा, उष्णतेपासून किती फुटांवर, पाळी किती वाजता संपते. मग त्यांच्याकडून किती किलोपर्यंत उचलायचं, रात्रपाळी आणि ओटी कुठल्या तारखेपर्यंत नाही, भट्टीजवळ उभं राहायचं की नाही आणि पुन्हा तपासणी कधी, असं आकड्यांत लिहून घ्यावं. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या कधीपर्यंत चालू आहेत तेही त्याच कागदावर असावं, म्हणजे दात काढायला गेल्यावर कुणी परस्पर त्या बंद करणार नाही. कागदाची एक प्रत टाइम ऑफिसात द्यावी, दुसरी पाकिटात ठेवावी.